लटकन पोपट : फुलांमागे फिरणारा, उलटा झोपणारा

फेब्रुवारीत आंबोलीच्या किंवा मोलेच्या बाजूला एखादा पांगारा पानं गाळून लालभडक फुललेला असला, की सकाळी त्याच्यावर बाजार भरतो. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, खारी, सगळ्यांची ये-जा चालू असते. या गर्दीत एखादं हिरवं पान फांदीखालून उलटं चालत फुलांच्या तुऱ्याकडे निघालेलं दिसलं, तर दुर्बीण लगेच तिकडे न्यावी. या दिवसांत पांगाऱ्याला पानं नसतात. तो लटकन पोपट असतो.

सह्याद्रीच्या दक्षिण भागात हा पक्षी काही दुर्मीळ नाही. तरी तिथे जन्म काढलेल्या अनेकांनी तो नीट पाहिलेला नसतो. एक तर तो उंच शेंड्यावर असतो, दुसरं म्हणजे हिरव्यात हिरवा मिसळून जातो, आणि पोपट म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जी लांब शेपटी येते ती त्याला नसतेच. आकाराने तो चिमणीएवढा. लांबी १४ सेंटिमीटर, वजन साधारण २८ ग्रॅम. आपला नेहमीचा कंठवाला पोपट शेपटीसकट ४० सेंटिमीटरपर्यंत भरतो, म्हणजे हा त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका. शेपटी इतकी आखूड की कमरेवरची लाल पिसंच ती बरीचशी झाकून टाकतात. त्यामुळे तो उडून जाताना मागून पाहिलं तर शेपूटच लाल आहे असं वाटतं. बाकी अंग कोवळ्या गवतासारखं हिरवं, चोच लाल, आणि नराच्या गळ्यावर निळा डाग. मादीच्या गळ्यावर तो नसतो, असला तर अगदी पुसट. पिल्लांचा गळाही हिरवाच आणि चोच फिकी. डोक्यावर लाल टोपी असलेला असा पोपट फोटोत दिसला, तर तो बहुधा श्रीलंकेतला. त्याचा भाऊबंद खरा, पण जात वेगळी.

नाव लोरीचं, नातं लव्हबर्डचं

याचं शास्त्रीय नाव लोरिक्युलस व्हर्नालिस. व्हर्नालिस म्हणजे वसंतातला. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य अँडर्स स्पारमन याने १७८७ साली या जातीचं वर्णन केलं, आणि पक्ष्याचा एकंदर दिनक्रम पाहता हे नाव फार नेमकं पडलं आहे. लोरिक्युलस म्हणजे छोटा लोरी (लोरी हे ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे, फुलांतला मध पिणारे पोपट). भारतातल्या जुन्या इंग्रजी पक्षिपुस्तकांतही त्याला लोरिकीटच म्हटलेलं आढळतं. इथेच घोळ होतो, कारण खरे लोरी आणि लोरिकीट ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर राहतात. दोघेही मध पितात म्हणून नाव सारखं पडलं. नातं मात्र जवळचं नाही. डीएनएच्या अभ्यासातून लटकनाचे जवळचे नातलग आफ्रिकेतले लव्हबर्ड निघाले, तर लोरींच्या जवळ बजरीगर आहेत. (आपल्याकडे पक्षी विकणारे सर्रास बजरीगरलाच लव्हबर्ड म्हणतात, त्यामुळे हे वाक्य वाचताना गोंधळ होऊ शकतो. खरे लव्हबर्ड आखूड शेपटीचे आणि ठेंगणे, बजरीगर लांब शेपटीचे.)

लोरींच्या जिभेच्या टोकाला बारीक केसांसारख्या उंचवट्यांचा कुंचला असतो. फुलात जीभ घातली की हा कुंचला उभा राहतो आणि मध व पराग दोन्ही टिपून घेतो. लटकनाच्या जिभेला असा कुंचला नाही. त्याच्याकडे आहे ती बारीक, अरुंद, टोकदार चोच. कंठवाल्या पोपटाची चोच अडकित्त्यासारखी, फोडण्यासाठी. लटकनाची चिमट्यासारखी, फुलात शिरण्यासाठी. त्याच चोचीने तो उंबर-वडाची फळं, बांबूसारखी बारीक बियाणं आणि कोवळ्या कळ्याही खातो. निव्वळ मधावर जगणारा पक्षी तो नव्हे, पण वर्षातल्या कोरड्या महिन्यांत त्याची भिस्त मधावरच असते.

मधावर जगणं दिसतं तितकं सोपं नाही. जंगलात मोकळं फिरणाऱ्या पक्ष्याला दिवसाला किती ऊर्जा लागते याचं, शरीराच्या वजनावरून काढायचं, एक ढोबळ सूत्र आहे. त्यात २८ ग्रॅम घातले की उत्तर येतं सुमारे १०० किलोज्यूल. एक ग्रॅम साखर १६ ते १७ किलोज्यूल देते. म्हणजे दिवसाला साधारण ६ ग्रॅम साखर हवी. फुलातल्या मधात साखर १५ टक्के धरली, तर ६ ग्रॅम साखरेसाठी ४० ग्रॅम मध प्यावा लागेल. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त! शिवाय त्यातलं ३४ ग्रॅम पाणी बाहेर टाकावं लागतं, म्हणून मध पिणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा पाण्यासारखी पातळ असते. आणि मधात प्रथिनं जवळजवळ नसतात. ती पराग, बिया, कळ्या यांतून मिळवावी लागतात, आणि पिल्लं वाढवायच्या काळात तर जास्तच. या हिशेबातून लटकनाचं सगळं वागणं उलगडत जातं: एका फुलावर तो फार वेळ काढत नाही, एका झाडावर दिवसचे दिवस येतो, आणि झाडाचा बहर सरला की त्या भागातून गायब होतो.

झाडांचं पंचांग

लटकन पोपट अमुक एका ठिकाणी "राहतो" असं म्हणणं म्हणूनच अर्धवट आहे. तो फुलांच्या पाठोपाठ सरकत असतो. मोठं स्थलांतर नव्हे, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात, घाटमाथ्यावरून खाली, रानातून बागेत. जानेवारी ते मार्च हा पांगारा आणि सावरीचा काळ. दोन्ही झाडं निष्पर्ण होऊन फुलतात, दोन्हींच्या फुलांत मध पातळ पण भरपूर असतो. सावरीचं फूल तर जाड पाकळ्यांची वाटीच. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलतं. त्याची फुलं बारीक, पांढरी, पण गुच्छागुच्छांनी येतात, आणि तिथे हा पक्षी मधमाश्यांच्या गुणगुणाटात तासन्‌तास असतो. कर्नाटकातल्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओक उन्हाळ्यात नारिंगी कंगव्यांसारखा फुलतो. हे झाड मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियातलं, तिथे लोरिकीट त्याचा मध पितात. मळेवाल्यांनी ते इथे आणलं आणि त्यावर आता लोरिकीटाच्या नावाचा आपला पक्षी येतो.

या यादीत बांडगुळाला वेगळी जागा द्यायला हवी. आंबेवाला शेतकरी बांडगूळ दिसलं की कोयता काढतो, आणि बागेसाठी ते योग्यच आहे, कारण ते कलमाचा रस शोषतं. पण रानात बांडगुळाची लांब नळीसारखी नारिंगी फुलं मोठ्या झाडांचा बहर नसतानाही मध देत राहतात. बहराच्या दोन झाडांमधला उपासाचा काळ त्यामुळे भरून निघतो. फुलटोचा हा पक्षी बांडगुळाची चिकट बी फांदीवर पुसतो, नवं बांडगूळ उगवतं, त्याची फुलं शिंजीर आणि लटकनाच्या उपयोगी पडतात. लटकन त्याची फळंही खातो. गावाजवळ केळीच्या बागाही त्याला चालतात. केळफुलाची जांभळी पाकळी उलगडली की आतल्या फुलांत दाट मध असतो. किनाऱ्याजवळ सुरूच्या बारीक बियांवरही तो येतो.

उलटं का?

पोपटांना दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे पकड घट्ट. लटकन याच पकडीचा पुरेपूर वापर करतो. त्याला फांदीवर चालताना जवळून पाहा: आधी चोच पुढे टेकवतो, मग एक पाय, मग दुसरा. चोच हा त्याचा तिसरा पाय आहे. तुऱ्याच्या टोकाशी आला की मागच्या मागे कलंडतो आणि डोकं खाली करून फुलात चोच घालतो. फुलं डहाळीच्या अगदी टोकाला असतात. तिथली काडी वजनाने वाकते. वरून बसून पुढे झुकण्यापेक्षा खालून लोंबकळणं त्याला सोयीचं पडतं. पंख फडफडवून तरंगत राहण्याचा, मध पिण्यातला सर्वात महागडा, प्रकार त्याला करावा लागत नाही.

पण खरं नवल रात्रीचं. लटकन आणि त्याच्या कुळातले भाऊबंद वटवाघळांसारखे उलटे लटकून झोपतात. पक्ष्यांमध्ये ही सवय जवळजवळ यांच्यापुरतीच आहे. पानांनी भरलेल्या डहाळीला पाय अडकवून, डोकं खाली, पिसं थोडी फुगवून. अंधारात तो आणखी एक पान होऊन जातो. असं का, याची दोन कारणं पटण्यासारखी आहेत. फांदीवरून सरपटत येणाऱ्या सापाला किंवा मांजराला वर बसलेल्या पक्ष्याची आकृती ओळखता येते, खाली लोंबणाऱ्या पानाची नाही. आणि धोका जाणवला तर पाय सोडायचा अवकाश, तो थेट हवेत असतो. अशा झोपलेल्या पक्ष्यावर टॉर्च मारू नये. रात्री दचकून उडालेल्या लहान पक्ष्याला पुन्हा सुरक्षित डहाळी शोधणं फार अवघड जातं.

कमरेत खोवलेलं सामान

विणीचा काळ साधारण जानेवारी ते एप्रिल. त्याचं कारण वरच्या पंचांगातच आहे: पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा रान फुललेलं असतं, आणि पाऊस सुरू होण्याआधी ती उडायला लागतात. कुजक्या खोडाच्या ढोलीत जूनचा पाऊस शिरला तर पिल्लं वाचणं कठीण.

नर गळ्याची निळी पिसं फुगवून, कमरेची लाल पिसं उभारून मादीसमोर टुणटुण उड्या मारतो आणि आपल्या पोटातलं अन्न वर काढून तिला भरवतो. घरटं वठलेल्या खोडातल्या किंवा तुटक्या फांदीतल्या ढोलीत, जमिनीपासून २ ते १० मीटर उंचीवर. तोंड अरुंद असतं, ते त्याच्या पथ्यावरच पडतं, कारण मैना आणि मोठे पोपट आत शिरू शकत नाहीत. अंडी पांढरी, २ ते ४, बहुधा ३, लांबीला दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. ती उबायला तीन आठवडे लागतात, आणि पिल्लं ढोलीबाहेर पडायला त्यानंतर सुमारे पाच आठवडे.

बहुतेक पोपट ढोलीत काहीच अंथरत नाहीत, भुशावर अंडी घालतात. लटकन मादी अंथरते, आणि सामान आणायची तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. हिरव्या पानाच्या कडेने ती चोचीने टोचत टोचत जाते, तिकिटाच्या कडेला भोकं पाडावीत तशी, आणि लांबट पट्टी कातरून काढते. मग मान मागे वळवून ती पट्टी कमरेवरच्या लाल पिसांत खोचते. पुन्हा दुसरी, तिसरी. आपल्याकडे बाया पदर किंवा विळा कमरेला खोवतात तसंच. पिसांतून हिरवी टोकं बाहेर डोकावत असतानाच ती उडते आणि ढोलीत जाऊन सगळं झटकते.

ही सवय तिच्या आफ्रिकी नातलगांपैकी काहींतही आहे. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी लव्हबर्डच्या दोन जातींचा संकर केला. एक जात पट्ट्या पिसांत खोवणारी, दुसरी चोचीत धरून नेणारी. संकरातल्या पक्ष्यांची पंचाईत झाली. ते पट्टी खोवायला मान वळवत, नीट खोचता येत नसे, पट्टी पडे, मग पुन्हा उचलत. चोचीत धरून न्यायला ते हळूहळू शिकले, पण मान वळवायची लकब वर्षांनंतरही सुटली नाही. सवय किती खोलवर रक्तात असते हे दाखवणारा हा प्रयोग आजही शिकवला जातो.

माडावरचं मडकं

या पक्ष्याबद्दल एक गोष्ट जुन्या पक्षिग्रंथांतही नोंदवलेली आहे: तो माडाला बांधलेल्या मडक्यातला रस पितो आणि झिंगून पडतो. कोकणात माडी, गोव्यात सूर. माडाची न उमललेली पोय (फुलांचा तुरा) बांधून तिचं टोक रोज कापत राहतात, आणि ठिबकणारा रस खाली लावलेल्या मडक्यात जमा होतो. रेंदेर, म्हणजे हा रस काढणारा, दिवसातून तीनदा माडावर चढतो, दोनदा रस उतरवायला, एकदा पोय कापायला. ताज्या रसात १२ ते १५ टक्के साखर असते. वरच्या हिशेबातलं १५ टक्के आठवा. पक्ष्याच्या दृष्टीने हे एक प्रचंड मोठं, कधी न आटणारं फूल आहे.

फरक इतकाच की फूल आंबत नाही. मडक्यात आधीच बसलेलं यीस्ट काही तासांत साखरेचं मद्य करायला लागतं, आणि दिवस कलेपर्यंत ते ४ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. समजा लटकनाने अशी दोन मिलिलिटर माडी प्यायली. त्यात मद्य ०.०६ ग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण २८ ग्रॅमच्या देहाला वजनाच्या प्रमाणात ते ६० किलोच्या माणसाने अर्ध्या बाटलीहून जास्त कडक दारू एका दमात घेतल्यासारखं आहे. उडता न येणारा पक्षी माडाच्या बुंध्याशी पडला की मांजर, कावळा, मुंगूस कोणीही त्याला उचलतो. मडक्याच्या तोंडाला सुपारीच्या विरीचं (पानाच्या बुडाच्या रुंद आवरणाचं) झाकण किंवा जाळीचं कापड बांधलं तर हे टळतं, आणि रसात मुंग्या-माश्याही कमी पडतात.

कुठे आणि कसा पाहावा

साधारण मुंबईच्या अक्षांशापासून दक्षिणेकडे पश्चिम घाट, मग पूर्व घाटाचा काही भाग, ईशान्य भारत, अंदमान, आणि पुढे म्यानमारपासून व्हिएतनामपर्यंत, असा त्याचा पसारा. महाराष्ट्रात भरवशाचा भाग म्हणजे सिंधुदुर्ग: आंबोली, तिळारी, दोडामार्ग. गोव्यात मोले, बोंडला, नेत्रावळी, कोटिगाव. कर्नाटकात दांडेली-गणेशगुडीचा पट्टा. पुणे-सोलापूरच्या पठारावर तो शोधण्यात अर्थ नाही.

आधी झाड शोधा, पक्षी नंतर. गावात विचारलं की पांगारा किंवा सावर कुठे फुलली आहे ते लगेच कळतं. उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत झाडापासून १५-२० मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन उभं राहावं. आवाज आधी येतो: तीक्ष्ण, घाईघाईचा "चि-चि-ची", उडतानाच, दर काही सेकंदांनी. जोडीने किंवा लहान थव्याने गोळीसारखे सरळ येतात, झाडात शिरतात आणि एकदम दिसेनासे होतात. मग नजर डहाळ्यांच्या टोकांवर, खालच्या बाजूला ठेवावी. हमखास चूक होते ती हरेवा या पक्ष्याशी. तोही हिरवा, तोही याच फुलांवर, तोही लोंबकळतो. पण हरेव्याची चोच काळी, बारीक, किंचित वाकडी असते, शेपूट नेहमीसारखी लांब असते, आणि कमरेला लाल रंग नसतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावू नये, विणीच्या काळात तर मुळीच नाही. कमरेतून पानाच्या पट्ट्या डोकावत असलेली मादी दिसली तर घरटं जवळच आहे. तिच्या मागे न जाता मागे फिरावं.

जगाच्या हिशेबात ही जात सध्या धोक्यात गणली जात नाही. म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. तिला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, वर्षभर कुठे ना कुठे फुलणारी मिश्र झाडी आणि ढोल्या असलेली जुनी खोडं. रबराच्या मळ्यात दोन्ही नसतात, आणि दोडामार्ग परिसरात डोंगरच्या डोंगर रबराखाली गेले आहेत. तिळारीचं सुमारे २९.५ चौरस किलोमीटर रान २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्र झालं, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. पांगाऱ्यावर वेगळंच संकट आलं. मिरीचे वेल चढवायला लावलेल्या पांगाऱ्यांवर दक्षिण भारतात या शतकाच्या सुरुवातीला एक सूक्ष्म गांधीलमाशी पसरली. ती कोवळ्या पानांत, देठांत अंडी घालते, तिथे गाठी येतात, शेंडा वाकडातिकडा होतो आणि झाड फुलेनासं होतं. असे गाठाळलेले शेंडे दिसले की छाटून जाळावेत, तोडून बांधावर टाकू नयेत, कारण गाठींतून माश्या बाहेर पडतच राहतात.

पिंजऱ्यात तर याला कधीच ठेवू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले रानटी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे, आणि लटकनाच्या बाबतीत ही कैद सरळ मृत्यूची शिक्षाही ठरते. मिरची, डाळ, सूर्यफुलाच्या बियांवर तो तग धरत नाही. साखरपाणी ठेवलं तर उन्हाळ्यात ते काही तासांत आंबतं आणि तोंडात बुरशी धरते. जखमी सापडला तर बारीक भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी सुती कापड घालून, अंधारात आणि उबेत ठेवावा. चोचीत दूध किंवा पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. महाराष्ट्रात वन विभागाला १९२६ वर फोन करावा.

आणि बागेत, बांधावर वठलेलं झाड असेल तर जानेवारी ते मे ते पाडू नये. पाडायची वेळच आली तर आधी दोन-तीन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास दुरून ढोलीकडे पाहावं, ये-जा दिसते का ते. रस्त्यावर किंवा घरावर पडायचा धोका असेल तेवढ्याच फांद्या उतरवून खालचं चार-पाच मीटर खोड उभं ठेवता येतं. लटकनाला तेवढं पुरतं.